पडद्याबाहेरचे आवाज

डोळे मिटता येतात. कान मिटता येत नाहीत. डोळ्यांना समोरचे तेवढे दिसते. कानांना मात्र पुढचे, मागचे, भिंतीपलीकडचे आणि अंधारातलेही ऐकू येते. रात्री तुम्ही अंथरुणावर पडला आहात, दिवा मालवलेला आहे, आणि एकाएकी स्वयंपाकघरात एखादे भांडे खणकन पडते. क्षणभर तुमचा श्वास अडखळतो. मांजर आले असेल? उंदीर असेल? की आणखी कोणी? डोळ्यांना काहीच दिसलेले नसते. तरी तेवढ्या अवकाशात मनाने तीन निरनिराळी चित्रे काढून पाहिलेली असतात. मग 'म्याव' असे ऐकू येते, आणि तुम्ही कूस बदलून झोपी जाता.

या साध्या अनुभवात चित्रपटकलेचे एक मोठे साधन दडलेले आहे. चित्रपटाचा पडदा कितीही मोठा असला, तरी ती अखेर एक चौकटच होय. चौकटीच्या आत जे असेल ते प्रेक्षकाला दिसते, बाहेरचे दिसत नाही. परंतु चौकटीबाहेरचा आवाज मात्र त्याला ऐकू येऊ शकतो. पडद्यावर एक बंद दार दिसत आहे. दारापलीकडे कोण आहे ते दिसत नाही. आणि बाहेरच्या पायऱ्यांवर कोणाची तरी पावले वाजत आहेत. एवढे झाले की प्रेक्षक खुर्चीत सावरून बसतो. त्या पावलांना चेहरा देण्याचे काम दिग्दर्शकाने केलेले नसते, ते प्रेक्षकाच्या मनाने केलेले असते. आणि आपल्याच मनाने काढलेल्या चित्राइतके भय घालणारे चित्र दुसऱ्या कोणाला काढता येत नाही.

अलीकडे पुष्कळ शाळांतील मुले मोबाइलच्या साहाय्याने पाचदहा मिनिटांचे लहान चित्रपट तयार करतात. कथा, पोशाख, चित्रण यांचा ती कसून विचार करतात. आवाजाचा विचार मात्र शेवटच्या दिवशी, घाईघाईने होतो. हे विपरीत कसे आहे ते समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

आपला चित्रपट जन्माला आला तो मुकाच. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला, तेव्हा पडद्यावरची पात्रे नुसते ओठ हलवीत आणि प्रसंगाचा मजकूर मधूनमधून पाट्यांवर लिहून दाखविला जाई. मूकपटांच्या त्या काळात चित्रपटगृहात पेटीवाला आणि तबलजी बसवीत असत. पुढे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला, आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या चित्रपटाने मराठी भाषाही पडद्यावर बोलू लागली. लहान मुलाला नवी शिट्टी मिळाली म्हणजे ते दिवसभर ती वाजवीत सुटते; तशीच गत त्या वेळी निर्मात्यांची झाली. १९३२ च्याच 'इंद्रसभा' या बोलपटात सुमारे सत्तर गाणी होती! बोलणे आले, गाणे आले. पण दाराचा, पावलांचा, वाऱ्याचा आवाजही कथा सांगू शकतो हे ध्यानात यायला आणखी थोडा काळ जावा लागला.

ज्यांच्या ते लवकर ध्यानात आले, त्यांत व्ही. शांताराम हे एक होत. १९३७ साली प्रभात फिल्म कंपनीने पुण्यात काढलेला त्यांचा 'कुंकू' हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला आहे. नीरा या तरुण मुलीचे लग्न फसवणुकीने एका वृद्ध विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी, लावून दिले जाते. आणि हा अन्याय मुकाट्याने सोसण्याचे ती नाकारते. अशा कथेत दुःखाच्या प्रत्येक प्रसंगामागे सारंगी रडविणे अगदी सोपे होते. शांतारामांनी ते केले नाही. पार्श्वसंगीत त्यांनी बाजूला सारले, आणि घरातले व रस्त्यावरचे स्वाभाविक आवाज तेवढे ठेवले. काकासाहेबांच्या घरात भिंतीवर एक जुने लंबकाचे घड्याळ आहे. त्याची टिकटिक चाललेली असते. घड्याळ म्हातारे, मालकही म्हातारा. दोघांचे उरलेले दिवस मोजले जात आहेत, आणि त्याबरोबर एका तरुण मुलीचे आयुष्यही व्यर्थ खर्ची पडत आहे, हे कोणा पात्राला बोलून दाखवावे लागत नाही. आपल्या घरी घड्याळाची टिकटिक दिवसभर चाललेली असते आणि आपण ती ऐकत नाही. सारे निजले की मात्र ती ऐकू येते. 'कुंकू'मध्ये संगीताने वाट मोकळी करून दिली, म्हणून घड्याळाला बोलता आले.

जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, प्रभात कंपनीच्या ज्या आवारात हा चित्रपट तयार झाला, त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. आज तेथे देशभरातून आलेले विद्यार्थी दिग्दर्शनाबरोबर ध्वनिमुद्रणाचेही शिक्षण घेतात आणि आपापले लहान चित्रपट तयार करतात. तेथे शिकलेले रेसूल पूकुट्टी यांना 'स्लमडॉग मिलियनेर' या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणाबद्दल २००९ साली दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर पारितोषिक मिळाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घड्याळाची टिकटिक ही मुळात उदास किंवा भयप्रद असते काय? मुळीच नाही. परीक्षेच्या दालनात ती एक सांगते, आजोबांच्या खोलीत दुसरे. आवाजाला अर्थ येतो तो आधीच्या ओळखीमुळे. चित्रपटात एखाद्या आवाजाची प्रेक्षकाशी अगोदर ओळख करून द्यावी लागते. ती पटली की मग तोच आवाज पुढे योग्य क्षणी ऐकवावा, अथवा ज्या क्षणी तो यायला हवा त्या क्षणी ऐकवू नये. उत्कंठेचे सारे रहस्य बहुतेक एवढ्यातच आहे.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' या १९५५ च्या बंगाली चित्रपटातील एक प्रसंग पाहा. दुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ अपू घरापासून दूर, पांढऱ्या तुऱ्यांच्या काशगवतात भटकत आहेत. तेथे तारांचे खांब उभे आहेत. दुर्गा खांबाला कान लावते. आत काही तरी गुणगुणत असते. प्रेक्षकालाही तो चमत्कारिक, अखंड गुंजारव ऐकू येतो. गवतापलीकडे काय आहे ते अद्याप दिसलेले नाही. पण घरापेक्षा आणि गावापेक्षा मोठे असे काही तरी जवळ आहे, हे त्या गुणगुणण्यावरूनच कळते. मग दूरवरून आगगाडीचा आवाज येतो आणि मुले धावत सुटतात. गाडी पडद्यावर येते ती कानांनी तिचे स्वागत केल्यानंतर.

याच चित्रपटात पुढे फार दुःखाचा प्रसंग आहे. दुर्गा मरण पावली आहे, आणि दूरगावी गेलेला बाप काहीही ठाऊक नसताना घरी परततो. तो दुर्गेसाठी आणलेली साडी दाखवू लागतो, तेव्हा इतका वेळ आवरून धरलेला आईचा शोक फुटतो. आपल्याला तिचे तोंड दिसते. पण तिचे रडणे ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचे उंच, चिरत जाणारे सूर येतात. संगीत वापरूच नये असे माझे म्हणणे नाही, हे यावरून ध्यानात येईल. आईच्या रडण्याहून अधिक काही सांगण्यासारखे संगीताजवळ होते, म्हणून त्याला तेथे बोलावले गेले.

दुसरे उदाहरण फ्रान्समधले. रॉबेर ब्रेसाँ यांनी १९५६ साली काढलेल्या एका चित्रपटाच्या नावाचा अर्थ 'देहदंड झालेला एक कैदी निसटला' असा आहे. म्हणजे शेवट काय होणार हे नावातच सांगून टाकलेले! तरी तो पाहताना श्वास रोखला जातो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या ल्यों शहरातील तुरुंगात हा कैदी आहे. लोखंडी चमचा घासून त्याचे पाते करून, त्याने तो कोठडीच्या दाराच्या फळ्या दिवसेंदिवस कोरीत राहतो. पहारेकरी आपल्याला क्वचितच नीट दिसतात. त्यांची पावले आणि किल्ल्या मात्र सतत ऐकू येतात. कैद्याप्रमाणे आपणही कानांवरच विसंबू लागतो. अखेरच्या रात्री तो आपल्या सोबत्यासह तुरुंगाच्या छपरावर चढतो. छपरावर बारीक खडी पसरलेली आहे. पाऊल टाकताच ती करकरते. म्हणून जवळून आगगाडी धडधडत जाऊ लागली की तेवढ्या वेळात ते पुढे सरकतात, आणि गाडी गेली की जागीच थिजतात. पुढे एक विचित्र कुईकुई ऐकू येऊ लागते: जवळ येते, दूर जाते, पुन्हा जवळ येते. ती कशाची हे त्यांना कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. मग खाली वाकून पाहतात, तो दोन भिंतींमधल्या वाटेने एक पहारेकरी सायकलवरून फेऱ्या घालीत असतो! कुरकुरणारी सायकल ही केवढी क्षुल्लक वस्तू! पण त्या रात्री त्या दोघांचे प्राण तिच्या फेऱ्यांवर टांगलेले असतात. तोफांच्या गडगडाटानेही जे साधले नसते, ते तेल न घातलेल्या एका चाकाने साधले आहे.

पडद्यावर शांतता असता एकदम कानठळ्या बसविणारा आवाज करून प्रेक्षकाला दचकविता येते, हे खरे. पण पाठीमागून येऊन फुगा फोडणारे पोरही तेवढे करू शकते. दचकणे एका क्षणात संपते आणि मागून हसू येते. वाट पाहणे मात्र मिनिटामिनिटाने वाढत जाते.

हे आवाज मिळवावे कोठून? सगळेच काही चित्रण चालू असताना सापडत नाहीत. पुष्कळ मागाहून तयार करावे लागतात. अमेरिकेतील युनिव्हर्सल कंपनीत जॅक फोली नावाचे गृहस्थ होते. १९२९ च्या सुमारास बोलपट आले, तेव्हा पडद्यावर चालू असलेले चित्र पाहत पाहत, त्याच तालावर पावलांचे व वस्तूंचे आवाज काढून ते मुद्रित करण्याची रीत त्यांनी पाडली. आजही जगभर या कामाला 'फोली' असेच म्हणतात. या कारागिरांची खोली एखाद्या अडगळीच्या माळ्यासारखी असते: तऱ्हेतऱ्हेचे जोडे, गंजलेल्या बिजागऱ्या, वाळू, खडी, मोडक्या खुर्च्या. नारळाच्या दोन करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो. कातडी पिशवीत मक्याचे पीठ भरून ती दाबली की बर्फावरून कोणी चालू लागते. गाजर मोडले की पडद्यावरच्या पैलवानाचे हाड मोडते. बिस्किटांच्या पुड्याचा पातळ कागद हलकेच चुरगळला की शेकोटी पेटते. सुपात तांदूळ घेऊन ते संथपणे इकडून तिकडे घोळविले की समुद्राची लाट येते आणि जाते. आपल्या नाटकवाल्यांनी तर पत्र्याचा लांब तुकडा टांगून व हलवून कितीतरी वर्षे मेघगर्जना केलेली आहे. कढईतल्या तळणाचा आवाज आणि कौलांवरच्या पावसाचा आवाज यांत इतके साम्य आहे, की पाऊस सुरू होताच आपल्याला भज्यांची आठवण का होते याचे कारण कदाचित हेच असावे.

यात फसवणूक आहे असे मानण्याचे कारण नाही. मोबाइल दूर ठेवून खऱ्या पावसाचे मुद्रण केले, तर ते पुष्कळदा नुसत्या खरखरीसारखे ऐकू येते. आवाज खरा आहे की नाही यापेक्षा तो खरा वाटतो की नाही, याला येथे महत्त्व आहे.

मी सेवानिवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी आमच्या शाळेतील सातवीआठवीच्या सहा मुलामुलींनी असा एक चित्रपट केला होता. कथा लहान होती. ओढ्याकाठी एक घर. सकाळी आई ओढा ओलांडून पलीकडच्या शेतावर जाते. तिसऱ्या प्रहरी पाऊस धरतो, अंधार पडतो, ओढ्याला पाणी चढते, आणि घरात एकटी असलेली मुलगी आईची वाट पाहत बसते. मुलांनी चित्रण मनापासून केले होते. पण आरंभापासून शेवटापर्यंत त्यावर कोठल्या तरी भुताच्या चित्रपटातले संगीत ओतले होते. वर्गात तो दाखविला तेव्हा नेमक्या भीतीच्या जागी सारा वर्ग खो खो हसला. करणारी मुले हिरमुसली. ज्या मुलीची ही कथा होती, तिच्यावर असा प्रसंग खरोखरच येऊन गेला होता. तिने तर मान खाली घातली ती वर केलीच नाही.

आमचे चित्रकलेचे गुरुजी मोठे मार्मिक. त्यांनी सगळे संगीत पुसून टाकावयास लावले आणि त्या मुलीला एवढेच विचारले, "बाळ, त्या रात्री तुला काय काय ऐकू येत होते?" ती आठवून आठवून सांगू लागली. ओढा. बेडूक. पन्हळीचे पाणी. लांबची वीज. आणि आईच्या जोडव्यांचा आवाज, जो ऐकू येत नव्हता.

मग मुले आवाज गोळा करावयास निघाली. ओढ्याचे मुद्रण त्यांनी पाऊस ओसरल्यावर, गुरुजींना बरोबर घेऊन, तीन ठिकाणांहून केले: घराच्या ओसरीवरून, काठावरून आणि साकवावरून. चित्रपटात हे तीन आवाज त्याच क्रमाने, एकात एक मिसळत येतात. पडद्यावर फक्त मुलगी आणि कंदील दिसतो. पाण्याचा थेंबही दिसत नाही. तरी ओढा वाढत चालला आहे हे पाहणाऱ्याला कळून चुकते.

विजेच्या बाबतीत त्यांनी विज्ञानाच्या तासाला शिकलेले कामी लावले. प्रकाश तत्काळ पोचतो. आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने येतो. म्हणजे वीज एक किलोमीटर दूर असेल, तर लखलखाटानंतर सुमारे तीन सेकंदांनी गडगडाट ऐकू येतो. बहुतेक चित्रपटांत वीज आणि गर्जना एकदमच होतात. आमच्या मुलांनी पहिल्या विजेनंतर बारा सेकंद सोडले, दुसरीनंतर सात, तिसरीनंतर तीन. वादळ घराकडे येत आहे हे सांगावयास त्यांना शब्द लागला नाही.

बेडकांनी मात्र त्यांना चांगलेच दमविले. मुले डबक्याजवळ गेली की सारे बेडूक गप्प! दहा दहा मिनिटे न हलता बसावे, तेव्हा कोठे एक धीट बेडूक सुरुवात करी आणि मग बाकीचे त्याला साथ देत. दोन रात्री असे बसल्यावर त्यांच्यातील एकाला सुचले, की बेडकांचे गप्प होणे हाच आपल्याला हवा असलेला आवाज आहे. चित्रपटात अंगणातले बेडूक बराच वेळ ओरडत असतात, इतका वेळ की आपण ते ऐकणे सोडून देतो. आणि ते एकदम थांबतात. अंगणात कोणी तरी आले आहे. मुलगी कंदील उचलते.

येथे शांततेविषयी एक सांगितले पाहिजे. चित्रपटातील शांतता म्हणजे आवाजाचा पूर्ण अभाव नव्हे. आवाज अगदीच बंद केला तर यंत्र बिघडले असे प्रेक्षकाला वाटते. प्रत्येक जागेची आपली एक शांतता असते: देवळाची निराळी, वर्गाची निराळी, सारवलेल्या घराची निराळी. म्हणून जाणते ध्वनिमुद्रक चित्रण संपल्यावर सर्वांना निश्चल उभे करून त्या जागेची मिनिटभर शांतताही मुद्रित करून ठेवतात. आमच्या मुलांनी त्या घराची तशी शांतता घेतली, तेव्हा पंखा बंद केला, कोंबड्या डालून ठेवल्या, आणि घरातल्या आजीबाईंनी "काहीच वाजत नाही, मग भरून काय नेता?" असे विचारल्यामुळे ती पुन्हा घ्यावी लागली. बेडूक थांबतात तेथे हीच शांतता आहे.

आता जोडव्यांविषयी. चित्रपटाच्या आरंभी आई कामावर जाते, तेव्हा घराच्या दगडी पायऱ्यांवर तिच्या जोडव्यांचा टक् टक् असा आवाज होतो. मुलगी चूल फुंकीत असते, मान वर करून पाहतही नाही. पण तो आवाज तिच्या आणि आपल्या कानांत बसतो. रात्री बेडूक थांबल्यावर ती दाराशी येते. पायऱ्यांवर पावले वाजतात. परंतु ती जड, लिबलिबीत, अनोळखी असतात. जोडवी वाजत नाहीत. कोण असेल? आई नव्हे, एवढे कान सांगत असतात. आडणा काढावा की नाही, या विचारात मुलगी उभी राहते, आणि या वेळी आमचा वर्ग हसला नाही. मग बाहेर पाणी ओतल्याचा आवाज येतो. कोणी तरी पायरीवरच्या बादलीतले पाणी पायांवर घेत आहे. चिखल धुऊन जात आहे. पुढचे पाऊल दगडावर पडते: टक्.

हा एक 'टक्' मिळविण्यासाठी मुलांनी आधी नाणे आपटून पाहिले, मग किल्ली, मग पितळी बोल्ट. काहीच जमेना. त्यांच्यातील एकाच्या आईकडे जोडवी मागितली, तर ती पायांतून काढून द्यावयास ती माउली तयार होईना. अखेर ती स्वतःच आली, आणि मुलांनी दगडाजवळ मोबाइल धरला असताना अकरा वेळा पायरी चढली. त्यांतील सातव्या खेपेचा आवाज चित्रपटात आहे.